चौदा नंबरची तंदुरुस्ती

मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि आमच्या पाणीपुरवठा विभागात माझ्याइतका तंदुरुस्त माणूस शोधून सापडणार नाही, असं मी भर कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं! टेबलावरचा चहा उडाला. त्यावरून तरी माझ्या मनगटातली ताकद लोकांच्या लक्षात यायला हवी होती. लोकांनी फक्त फडकं मागवलं.

निमित्त एका परिपत्रकाचं होतं. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या तपासनिसांची विभागाच्या दवाखान्यात शारीरिक चाचणी होणार. पास झाला तो फिरतीवर राहणार. नापास झाला त्याची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात. आमचा दप्तरखाना म्हणजे जिथे फायलींनासुद्धा ओल लागून खोकला होतो अशी जागा. तिथे गेलेला माणूस थेट निवृत्तीच्या दिवशीच उजेडात येतो, तोही डोळे चोळत.

"तुमचं काय?" साहेबांनी विचारलं.

"माझं? माझं शरीर अजून तिशीत आहे, साहेब!"

खरं सांगायचं तर माझं शरीर तिशीतच राहिलं होतं. तिथून पुढे मी एकटाच आलो होतो. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी रोज पळायचो. मग लग्न झालं, 'पुढच्या महिन्यापासून' म्हणालो. पस्तिशीला स्कूटर आली, चाळिशीला ऑफिसात लिफ्ट आली, पंचेचाळिशीला मला जीप मिळाली. टाक्यांची तपासणी मी जीपमधूनच करत होतो. मान वर करायची, डोळे बारीक करायचे आणि वहीत लिहायचं, 'टाकी सुस्थितीत'. मानेचा व्यायाम तेवढा नियमित होता.

चाचणीला तीन आठवडे होते. तयारी करायची, पण चोरून! ज्याचं शरीर तिशीत आहे तो तयारी कशाला करेल? पहिल्याच सकाळी मी बाथरूमचं दार लावून जोर काढायला घेतले. चार झाले. पाचव्याला खाली गेलो तो वर यायचा रस्ताच विसरलो. थंडगार फरशीवर गाल टेकून मी बराच वेळ नळाच्या बुडाकडे बघत होतो. संध्याकाळी दोन-दोन पायऱ्या एकदम चढायला गेलो आणि उजव्या पोटरीत कुणी तरी खिळा ठोकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छातीचे स्नायू असे आखडले की शर्टाची बटणंही लावता येईनात. एक हात छातीवर दाबून मी "आई गं!" म्हणालो, आणि नेमकी बायको आत आली.

"अहो! छातीत दुखतंय?"

"छे! काही नाही."

"घाम आलाय तुम्हाला! आणि पाय का ओढताय?"

"झोप नीट झाली नाही."

"झोप नीट झाली नाही म्हणून कुणी पाय ओढतं का?"

जोर काढले, एवढं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण चार जोर काढले हे सांगायचं कोणत्या तोंडाने? मी गप्प बसलो. बायकोने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'हृदयविकार' असा लावला. कारण आमच्या घरात तो एकदा येऊन गेला होता.

माझ्या वडिलांना सहासष्टाव्या वर्षी झटका आला होता. ते वाचले. दवाखान्यातून आले आणि तिसऱ्या महिन्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी चालायला लागले. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंड वर-खाली. बारा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला मी त्यांना म्हणालोही होतो, "बाबा, या वयात आता काय कमवायचंय? लोक हसतात." त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या होत्या, मी खोलीबाहेर गेल्यावर परत उचलल्या होत्या. त्यानंतर ते माझ्यासमोर व्यायाम करत नसत. मला वाटलं, सुटले त्या नादातून!

चाचणीच्या दिवशी बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही यांच्याबरोबर जा. एकट्याला सोडू नका."

"मी काय बालवाडीत चाललोय?" मी ओरडलो.

"ओरडू नका, छातीवर ताण येईल," ती म्हणाली.

तर असे आम्ही दोघे दवाखान्याच्या बाकावर बसलो. मी त्रेपन्न, बाबा अठ्ठ्याहत्तर. माझा फॉर्म भरून झाला होता, नंबर चौदा. बारा नंबर आत गेला तेव्हा पोटरीने पुन्हा उचल खाल्ली. खिशात दुखऱ्या स्नायूवर मारायचा स्प्रे होता.

"बाबा, एवढी फाइल धरा. आलोच." मी लंगडत स्वच्छतागृहात गेलो.

तिथे पँट पोटरीच्या वर काही चढेना. ती खाली घेऊन, भिंतीला टेकून, एका पायावर उभा राहून स्प्रे मारायचा म्हणजे सर्कशीतलंच काम! त्यातला अर्धा डोळ्यांत गेला. डोळे धुऊन, पँट सावरून मी बाहेर आलो तर बाक रिकामा!

आतून आवाज येत होता. "अठरा... एकोणीस... वीस! वा, काका, वा!"

मी पडदा सरकवला. व्यायामतज्ज्ञ बाई हातात घड्याळ धरून उभ्या होत्या आणि समोर माझे वडील खुर्चीवरून उठत होते, बसत होते, उठत होते, हात छातीशी बांधलेले, पाठ ताठ. 'चौदा नंबर' म्हणून पुकारा झाला, यांच्या हातात चौदा नंबरची फाइल. कुटुंबीयांचीही तपासणी आहे असं समजून ते आत गेले होते!

मग त्यांनी मूठ आवळायचं यंत्र आवळलं. एका पायावर उभे राहिले. पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार केली आणि नंतर नाडी मोजू दिली. बाई फॉर्मवरचं वय आणि समोरचे पांढरे केस आळीपाळीने बघत होत्या.

"फिरतीची नोकरी ना? उन्हाने चेहरा पार रापतो तुम्हा लोकांचा. पण स्नायू बघा कसे राखलेत! तिशीनंतर ते हळूहळू झिजायला लागतात, पन्नाशीपुढे भराभर. वापरले तरच टिकतात. तुम्ही वापरलेत!"

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी हसून मान डोलावली.

मग बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. लाल डोळे, भिंतीचा आधार, एक पाय उचललेला.

"तुम्ही यांच्या सोबत आलात का? मोठे भाऊ? बसा, बसा, उभे राहू नका!"

त्या क्षणी मला तोंड उघडता आलं असतं. 'बाई, हा माझा बाप आहे' एवढंच तर वाक्य होतं. बाईंनी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मला दप्तरखान्यातली ओल आठवली. आणि मी... बसलो.

"कसला कागद रे तो?" घरी जाताना बाबांनी विचारलं.

"काही नाही. तपासणी झाली त्याची पोच."

"काही चांगलं लिहिलंय का?"

"उत्तम लिहिलंय."

ते रस्ताभर खुशीत होते. घरी आल्यावर त्यांनी सुनेला दोनदा सांगितलं, "मला उत्तम मिळालं बरं का!" मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलो. बायकोने विचारलं, "आणि तुम्हाला?" मी म्हणालो, "मलाही."

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म!

"अहो, सगळ्या विभागात पहिले आलात! तुमच्या निम्म्या वयाच्या लोकांची नाडी अशी नसते!"

"आपलं असंच आहे साहेब," मी नम्रपणे म्हणालो.

"म्हणून ठरवलंय, टेकडीवरची टाकी तुम्हीच बघायची. सहा वर्षांत वर कुणी चढलेलं नाही. झाकणाला तडा आहे म्हणतात."

मला त्या तड्यात शिरून नाहीसं व्हावंसं वाटलं. टेकडीवरच्या टाकीला शहाण्णव पायऱ्यांची सरळ उभी लोखंडी शिडी आहे. गेली सहाही वर्षं मीच खालून तिला 'सुस्थितीत' लिहीत आलो होतो!

सोबत नवीन इंजिनिअरबाई होत्या, वय वर्षं एकतीस. त्यांनी सुरक्षेचा पट्टा बांधला, मलाही बांधला. "सर, तुम्ही पुढे व्हा. तुमचा वेग मला जमायचा नाही."

पहिल्या वीस पायऱ्या मी अब्रूवर चढलो. पुढच्या दहा भीतीवर. एकेचाळिसाव्या पायरीवर दोन्हीही संपल्या. मांड्या शिवणयंत्रासारख्या थरथरायला लागल्या. बोटं गजाला अशी चिकटली की जणू वेल्डिंगच केलंय.

"सर, थांबलात का?"

"निसर्ग बघतोय."

"सर, तुमचे डोळे मिटलेत."

मी ते आणखी घट्ट मिटले.

"वर जाऊया?"

"नको."

"मग खाली येऊया?"

"नको!"

"मग काय करायचं, सर?"

मी गजाला मिठी मारली. बाईंनी माझा पट्टा शिडीला अडकवला आणि दोन फोन केले. पहिला अग्निशमन दलाला. दुसरा माझ्या घरी. घरच्या फोनवर बायको किंचाळली, "मला माहीतच होतं! छातीत तीन आठवड्यांपासून दुखतंय त्यांच्या!" तिने लगेच रुग्णवाहिका मागवली, साहेबांनाही कळवलं. त्यामुळे आगीचा बंब, रुग्णवाहिका आणि साहेबांची गाडी अशी तिन्ही वाहनं टेकडीवर एकदम पोचली. खाली एवढी गर्दी जमली की एकाने मुलाला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून! अग्निशमन दलाच्या जवानाने माझं एकेक बोट सोडवलं आणि मला पाठीशी बांधून खाली आणलं. तो म्हणत होता, "आजोबा, खाली बघू नका."

आजोबा!

रुग्णवाहिका मला त्याच दवाखान्यात घेऊन गेली; मागोमाग साहेब, बायको आणि बाबाही पोचले. छातीला तारा लावल्या. हृदय ठणठणीत! डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. स्नायू दमलेत, इतकंच." बायको रडायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं, हृदयविकार परवडला असता.

"असं कसं होईल?" साहेब म्हणाले. "परवाच 'उत्तम' मिळालंय यांना!" त्यांनी व्यायामतज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई आल्या. खाटेवरच्या मला ओलांडून त्यांनी कोपऱ्यातल्या बाबांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, चौदा नंबर! कसे आहात? आणि भाऊंना काय झालं?"

छातीच्या तारांचं यंत्र टिकटिकत होतं. त्याचा वेग वाढलेला सगळ्यांना ऐकू आला.

साहेबांनी फॉर्म काढला. माझं नाव वाचलं, बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. बाबांना उलगडायला जरा वेळ लागला. मग ते माझ्या खाटेपाशी आले.

"म्हणजे ते 'उत्तम' तुझ्या नावावर होतं?"

"हो."

"मला एका शब्दाने सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी तेव्हाच बाईंना सांगितलं असतं." आणि मग, अगदी हळू, "मला वाटलं होतं, माझी तपासणी झाली."

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या सोमवारपासून मी दप्तरखान्यात आहे. ओल आहे, खोकला आहे, वर दिवसभर नळाचा पाइप वाजतो. कँटीनमध्ये मी गेलो की कुणी तरी उठून मला खुर्ची देतं आणि म्हणतं, "बसा, मोठे भाऊ!" व्यायामतज्ज्ञ बाईंनी एक कागद लिहून दिलाय, वीस मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा, कोणत्याही वयात स्नायू पुन्हा जोम धरतात. कागदाच्या तळाशी लिहिलंय, 'अधिक माहितीसाठी वडिलांना विचारा.'

बाबा नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. दहाव्या सकाळी दाराशी उभे राहून म्हणाले, "चल."

गेलो. कोपऱ्यापर्यंत ठीक होतं. चढ लागला तशी माझी छाती भात्यासारखी वाजायला लागली. ते चार पावलं पुढे, मी मागे. थांबा म्हणायची लाज वाटत होती. तेवढ्यात तेच थांबले, खाली वाकले. "बुटाची नाडी सुटली रे," म्हणाले. मी गाठलं त्यांना. पुढच्या वळणावर पुन्हा सुटली. दुधाच्या दुकानापाशी पुन्हा. बागेच्या फाटकापाशी पुन्हा.

आठवडाभर हेच चाललं होतं. शेवटी मला राहवलं नाही. एवढा नेमाचा माणूस, आणि नाडीची गाठ नीट मारता येत नाही? म्हटलं, आता आपण तरी घट्ट बांधून द्यावी. ते वाकले तसा मीही शेजारी वाकलो.

बाबांच्या बुटांना नाडीच नव्हती. वेल्क्रोची चिकटपट्टी होती.

ते वर न बघता ती पट्टी काढत होते आणि लावत होते, काढत होते आणि लावत होते.

मी काही बोललो नाही. बोलण्याइतका श्वासच नव्हता हो!