सातव्या खाटेवरचं पाणी

मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये पास व्हायला काय लागतं, याबद्दल बेळगावच्या त्या हॉस्टेलवर एकमत होतं: कुठल्या खाटेवर काय आहे, ही बातमी. परीक्षेच्या सकाळी ती आलीच.

"सातवर डाव्या छातीत पाणी," सौरव म्हणाला. "ठोकल्यागत कर आणि सांगून टाक. माझं, आदर्शचं, रचनाचं झालं बी."

निपाणीचा श्रेयांस मागच्या खेपेला नापास झाला होता. आज पुन्हा घसरला, तर बॅच पुढे जाणार आणि तो याच वॉर्डात राहणार.

सातव्या खाटेवर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मांडी घालून बसले होते. शेजारी स्टुलावर एक हडकुळा माणूस खोकत होता.

"आप्पा, आडवं व्हा. छाती बघतो."

"आनि एकदा?" गृहस्थ खूश होऊन आडवे झाले. "लई काळजी घेता रं तुम्ही!"

स्टुलावरच्याने तोंड उघडलं, गृहस्थांकडे पाहिलं आणि मिटलं.

श्रेयांसने डावी बाजू बोटाने ठोकली. पाणी असेल तिथं भरल्या घागरीसारखा आवाज यायला हवा. इथं घागर रिकामी वाजत होती. वर, खाली, पाठीमागं, सगळीकडे रिकामी. रक्तदाब मात्र छताला टेकला होता.

एवढ्यात परीक्षक डॉ. नागेंद्र आले. ते रुग्णांना खाटेच्या नंबरावरून ओळखत.

"काय मिळालं?"

"सर, बीपी लई वाढलंय."

"आणि छातीत?"

दारातून सौरवने अंगठा तोंडाला लावून पाणी पिण्याची खूण केली. श्रेयांसने दाराकडे पाठ केली.

"पाणी न्हाय सर."

"मघाशी तिघांना मिळालं की रे!"

"मला न्हाय मिळालं सर. लई ठोकलं."

"व्हय, ठोकलं," गृहस्थांनी साक्ष दिली. "बरगड्या दुखाय लागल्यात."

सरांनी स्वतः ठोकलं. एक्स-रे पाहिला. पुन्हा ठोकलं. मग केसपेपरवरचं नाव वाचलं.

"मष्णू, पाणी गेलं कुठं तुझं?"

"हितं हाय की सायेब," स्टूल म्हणालं.

"मग तू तिथं का बसलायस?"

"अवो, हे भावकू, माझं व्याही. लेक दिलीया त्यांच्यात. कडोलीवरनं बघाय आल्यात. त्यांना स्टुलावर बसवून मी गादीवर लोळू व्हय?"

"अरे, पोरं तपासत होती तेव्हा तरी सांगायचंस!"

"व्याह्यांस्नी उठा म्हनू?" मष्णूने कानाला हात लावला.

"मला वाटलं, भेटाय आलेल्यालाबी बघत्यात," भावकू म्हणाले.

सरांनी दाराकडे पाहिलं. सौरवचा अंगठा अजून तोंडालाच होता. तिघांनी भावकूंच्या कोरड्या छातीत पाणी शोधलं होतं. सरांनी ते मान डोलावून ऐकलं होतं, पण ही गोष्ट कुणी काढली नाही.

"श्रेयांस पास," सर घाईने म्हणाले. "बाकीचे तिघं उद्या परत."

रक्तदाबापायी भावकूंना तिथंच आठवी खाट मिळाली.

दुसऱ्या दिवशी श्रेयांस वॉर्डात पेढे घेऊन आला, तेव्हा मष्णू व्याह्यांची विचारपूस करायला शेजारी गेला होता. भावकू अर्थातच उठून स्टुलावर बसले होते, आणि त्यांच्या गादीवर मष्णू संकोचून खोकत होता.

तेवढ्यात स्टेथोस्कोप सावरत सौरव आला. चेहऱ्यावर निवांतपणा होता. त्याला बातमी लागली होती: आठवर नुसतं बीपी, छाती एकदम कोरडी.