नागपूरवाल्यांचा होकार

त्या रविवारी जेवून सरळ झोपलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी इंटरनेट लावायचं ठरवलं. (साल दोन हजार चार. इंटरनेट सुरू झालं की घरचा फोन बंद पडायचा आणि बायकोचं, म्हणजे जयवंतीचं, बोलणं सुरू व्हायचं.)

इंटरनेटवर शेअरवाल्यांचा एक बोर्ड होता. देशभरचे नोकरदार तिथं टोपणनावं घेऊन एकमेकांना सल्ले देत. मी देवासचा, म्हणून 'देवास का शेर'. वर्षभर सल्ले देत होतो, एकानंही उत्तर दिलं नव्हतं. (घरीही तसंच असल्यामुळे जड गेलं नाही.)

फोन मात्र अडलेला होता. माझा मेव्हणा अर्पित धारहून आला होता, तो कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. हा पीथमपूरला 'मालवा वॉशर' नावाच्या छोट्या कंपनीत नोकरीला.

"नागपूरवाले तयार आहेत," तो म्हणत होता. "बोलणी पक्की. तारीख ठरेपर्यंत बाहेर बोलू नका."

मी कशाला बोलतोय? मी फक्त बोर्डावर लिहिलं: 'मालवा वॉशर नागपूरच्या पार्टीला विकली जाणार. अंदर की खबर.'

दुसऱ्या दिवशी भाव चढला. तिसऱ्या दिवशी शेअर विकायला फारसं कुणी तयार होईना. पुण्यापासून कोइमतूरपर्यंतची माणसं मला 'गुरुजी' म्हणू लागली. ऑफिसात मी फाइली बाजूला सारून खिडकीबाहेर बघत बसू लागलो.

पुढच्या रविवारी माझे सासरे बापूसाहेब धारच्या बसनं आले. चेहरा पडलेला.

"नागपूरवाले म्हणतात, लग्न सहा महिने पुढे ढकला."

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"अर्पितचं. होकार आल्याचं त्यानं इथूनच नाही का आम्हाला कळवलं?"

"तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं," जयवंती म्हणाली. "तुम्ही बोलून टाकता."

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतून पायजम्यावर गेला. पोळल्याचंसुद्धा कळलं नाही.

"त्याची कंपनी विकली जाणार म्हणे," बापूसाहेब म्हणाले. "इंटरनेटवर कुणी देवास का शेर आहे, त्यानं लिहिलंय."

"गाढव असेल मेला," जयवंती म्हणाली.

मी उठून इंटरनेट लावलं आणि लिहिलं: 'खबर खोटी आहे. माझी ऐकण्यात चूक झाली.'

एका मिनिटात उत्तर आलं: 'समझ गए, गुरुजी. भाव पाडून स्वतः घ्यायचेत ना?' सोमवारी भाव आणखी चढला.

संध्याकाळी अर्पित धापा टाकत आला. "दाजी, अपनी कंपनी सच में बिक रही है. मॅनेजरसाहेबच म्हणाले. मी लग्नाचे सगळे पैसे शेअरमध्ये घातले."

"मॅनेजरला कुणी सांगितलं?"

"त्यांनी इंटरनेटवर वाचलं."

मग मला सगळं सांगावं लागलं.    जयवंतीनं नागपूरचा नंबर काढून फोन माझ्यापुढे सरकवला.

नागपूरला मुलीचे वडील गणपतराव यांना मी सगळं सांगितलं.

"म्हणजे कंपनी विकली जाणार नाही?"

"नाही. अर्पितची नोकरी पक्की आहे."

"नोकरीचं राहू द्या हो," गणपतराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "लग्नाचे पैसे आम्हीही त्या शेअरमध्ये घातलेत. आणखी चढू द्यावेत म्हणून तर लग्न पुढे ढकललं."

मंगळवारी बाजार उघडताच दोन्हीकडच्यांनी शेअर विकले आणि चांगल्या फायद्यात सुटले. लग्नाची तारीख ठरली. जयवंती माझ्याशी दोन शब्द बोललीसुद्धा.

दुपारी ऑफिसशेजारच्या सायबर कॅफेत मी शेवटचं म्हणून बोर्ड उघडला. कोइमतूरच्या एकानं नागपूरच्या पार्टीचं नावही लिहिलं होतं. पुण्याच्या एकानं करारावर सह्या होताना पाहिल्या होत्या. मी दोनदा वाचलं. इतकी शिकलेली माणसं उगाच कशाला लिहितील? मी आमचे दलाल उदाजीराव यांना फोन लावला.

"भिया, सकाळीच तुमच्या मेव्हण्यानं सगळे विकले," ते म्हणाले.

"त्याला काय कळतंय," मी म्हटलं. "माझ्या नावावर घ्या."

बुधवारी कंपनीनं जाहीर केलं की विक्रीचा विचारसुद्धा नाही. अख्ख्या बोर्डावर ही गोष्ट ज्याला आधीपासून खात्रीनं ठाऊक होती असा मी एकच माणूस, आणि सगळ्यात महाग शेअर घेतले ते मी.