विश्रामबाबांची बिननावी माणसं

आमच्या विश्रामबाबांना "एक माणूस" म्हणून काही सांगायची सोय नाही. सकाळी ऑफिसात शिरता शिरता मी म्हणाले, "आज बसमध्ये एक बाई चक्कर येऊन पडली," की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "खंयची? खंयच्या गावची?"

"मला काय माहीत?"

"नाव?"

"अहो बाब, ती पडली, मी तिला पाणी पाजलं. नाव कुठे विचारत बसू?"

"पाणी पाजलंस आणि नाव विचारूक नाय!" असं म्हणून ते अशी मान हलवतात की पाणी पाजलं हाच आपला गुन्हा वाटायला लागतो.

लग्नपत्रिकेच्या तळाला "आपले नम्र, समस्त परिवार" असं छापलेलं असलं की ते थेट यजमानाला फोन लावतात. "समस्त म्हणजे कोण कोण, ता सांग मरे." एकदा त्या फोनामुळे एका घरातल्या दोन भावांचा अबोला चव्हाट्यावर आला. तेव्हापासून त्या घरचं आमंत्रण त्यांना येत नाही.

विश्रामबाबांचं आडनाव गावस, गाव गोव्यातलं इब्रामपूर. डिचोलीच्या बाजूला खाण चालू होती तेव्हा एकोणीस वर्षं तिच्या गेटवर बसून ट्रकांचे नंबर लिहायचे. नंबर लिहिल्याशिवाय ट्रक पुढे सोडायचा नाही, मग तो मालकाचा मेहुणा का चालवत असेना. खाणी बंद पडल्या, नोकरी गेली, सवय तेवढी राहिली. त्यानंतर मी शिकवायचे त्या कॉम्प्युटर क्लासात येऊन पोरासोरांच्या मधे बसून ते टायपिंग शिकले. मी कारापूरची, माझ्या जिभेला हाड नाही असं घरचेच म्हणतात; पण या माणसाने माझी बोलणी कधी मनाला लावून घेतली नाहीत.

आता आमचं काम थोडं सांगायला हवं, कारण डिचोलीच्या बाजारात चपलांच्या दुकानाच्या माडीवर बसून आम्ही काय करतो हे माझ्या नवऱ्यालाही अजून कळलेलं नाही. बाहेरची एक संस्था बायबलचा अभ्यास करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातला मराठी मजकूर आमच्याकडे येतो. आम्ही दोघंही हिंदू, विश्रामबाब तर घरच्या देवाला फूल वाहिल्याशिवाय चहा घेत नाहीत. पण काम ते काम. वाक्यावाक्यात खुणा घालत जायचं. हा माणूस, हे गाव, इथला "तो" म्हणजे अमुक, तिथली "ती" म्हणजे त्याची बायको. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. वाचणाऱ्याने पडद्यावर त्या शब्दावर बोट ठेवलं की त्याची सगळी कुंडली उघडते: आई कोण, बाप कोण, पुढे कुठे कुठे भेटतो. विश्रामबाब खुणा घालतात, मी तपासते.

या कामाचं एक नियमांचं पत्रक आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, ज्याला नाव नाही त्याला क्रमांक नाही. झालं! तिथेच आमची जुंपली.

"ह्या बापड्यान गाढव धरल्यान," विश्रामबाब पडद्यावर बोट आपटत म्हणायचे. "राजा बसलो आणि गेलो. राजाक नंबर आसा. गाढव धरणाऱ्याक नाय?"

"नाही. पत्रकात नाही."

"पत्रक लिवणाऱ्याचां नाव काय?"

कप्पाळ! मी त्यांचे जादा क्रमांक पुसायचे आणि ते दुसऱ्या दिवशी परत घालायचे. दाई, आचारी, दाराशी उभा असलेला पहारेकरी, कुणाचा तरी निरोप घेऊन धावलेला गडी, सगळ्यांना क्रमांक. एकदा तर दोन वेगवेगळ्या प्रकरणांतले दोन निरोपे त्यांनी एकाच क्रमांकावर घातले. कारण विचारलं तर म्हणाले, "तोच तो. धावण्यावरून वळखलंय."

हसायला येतं, पण हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही. माझ्या नजरेतून सुटलेले बिननावी क्रमांक संस्थेकडच्या नावांच्या यादीशी जुळेनात आणि फाइल सलग तीन वेळा परत आली. शेवटी एका शुक्रवारी आमचा मालक उल्हास माडीवर आला. पोरगा तसा वाईट नाही, पण त्या दिवशी तो उभ्यानेच बोलला. "सोमवार संध्याकाळपर्यंत एकसुद्धा बिननावी नंबर दिसता कामा नये. दिसला तर हे काम आपल्या हातातून जाईल. मग बाब, मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

विश्रामबाबांच्या घरी ते आणि त्यांची बायको मंगलबाय, दोघंच. आणि येणारा पगार हा एवढाच. साठीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? मी त्यांना सांगितलं, शनिवारी या, आपण दोघं बसून सगळं साफ करू.

शनिवारी ते माझ्या आधी येऊन बसले होते. मी माउसला हात घालणार तर म्हणाले, "तू नको. मी पुसतंय." आणि खरंच एकेक करून पुसायला लागले. पुसण्याआधी दर वेळी पुटपुटायचे, "ही ती जात्यावर बसलेली," "हो तो दिवटी धरणारो." पाहुण्यांना दारापर्यंत पोचवावं तसं चाललं होतं. दुपारी आम्ही पावाच्या उंड्यांबरोबर पातळभाजी खाल्ली आणि परत बसलो. चांगली गती आली होती. चार वाजेपर्यंत संपेल असा माझा अंदाज होता.

मग एका जागी त्यांचा हात थांबला. तिथे एका राजाचं नुकतं जन्मलेलं मूल आजारी पडतं. राजा अन्न सोडून जमिनीवर पडून राहतो आणि सातव्या दिवशी मूल जातं. नाव नाही. त्या प्रकरणात राजावर आम्ही कितीतरी खुणा घातल्या होत्या, मुलाची मात्र एकच नोंद होती, विश्रामबाबांनी केलेली. ती पुसली की त्या "ते"वर बोट ठेवून काहीच उघडणार नव्हतं.

"ह्यां ऱ्हवांदे," विश्रामबाब म्हणाले.

मी वैतागले. "बाब, आता अंत पाहू नका माझा. दोनशे पुसलेत, हा एक पुसा. सात दिवसांचं पोर, नाव ठेवायच्या आधीच गेलं. त्याला कशाला हवाय नंबर?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमचां नव दिसांनी गेलां," ते म्हणाले.

माझी जीभ त्या वेळी झडली असती तर बरं झालं असतं. सात वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसते. त्यांना मूलबाळ नाही एवढंच मला माहीत होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी झाली होती. मुलगी. बारशाची तयारी झालेली, विश्रामबाबांच्या बहिणीला सांगावा गेलेला. आत्या येऊन बाराव्या दिवशी कानात नाव सांगणार, तोवर ते कुणी उच्चारायचं नाही. नवव्या दिवशी सकाळी ती गेली. कागदावर कुठे आली नाही. घरात कुणी तिच्याविषयी बोलायचं झालं तर "तां", म्हणजे नुसतं "ते", म्हणायचे, पुढे पुढे तेही बंद झालं. विश्रामबाबांची आई म्हणाली, ज्याला नाव नाही त्याचं सुतक किती धरणार? परक्यांनी विचारलं तर नवराबायको सांगत, आम्हाला मूल नाही.

"नाव ठरलं होतं?" मी विचारलं.

"बायलेन ठरयलेलां. माका म्हायत नाय."

"मग विचारलं नाहीत?"

"कसां विचारू?"

बसमधल्या अनोळखी बाईचं नाव विचारणारा हा माणूस! आपल्या लेकीचं काय नाव ठेवणार होतीस, एवढं बायकोला विचारायला त्याला सव्वीस वर्षं तोंड झालं नव्हतं. मला रडू आवरेना. आणि मला रडू आलं की मी चिडते, तशी चिडले. म्हटलं, "तुम्ही घरी जा. उद्या रविवार आहे. उद्या विचारा. नाही विचारलंत तर सोमवारी माझ्याशी बोलू नका."

ते गेले. ती एक नोंद तशीच ठेवून बाकीच्या मी पुसल्या. मग संस्थेला पत्र लिहिलं. या मुलाला नाव नाही, पण आई आणि बाप दोघंही तुमच्या यादीत आहेत. त्याला क्रमांक नसेल तर त्या आईबापांच्या मुलांत एक मूल कमी दिसतं, आणि हे मजकुराला धरून नाही. मुद्दा चोख होता.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. ज्यांचे आईवडील यादीत आहेत अशा बिननावी मुलांना क्रमांक द्यावा, पत्रकात तशी दुरुस्ती करत आहोत. उल्हासने ते दोनदा वाचलं आणि खाली चहा सांगायला गेला.

विश्रामबाब त्या दिवशी उशिरा आले. मी उत्तर दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि नोंद पुरी केली. बाप, अमुक क्रमांक. आई, अमुक क्रमांक. नावाची जागा रिकामी. मग हात मांडीवर ठेवून बसले.

"विचारलां," ते म्हणाले. "ती तांदूळ निवडी होती. म्हणाली, 'दोन काढलेली. खंयचां ठेवूचां ता तुमका विचारूचां होतां. तुमी विषयच काढूक नाय.'"

सव्वीस वर्षं ती बाई यांच्या उत्तरासाठी थांबली होती.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, बसलों दोघांय. जेवण तसांच ऱ्हवलां. सांजवेळेक ठरलां."

"कोणतं?"

त्यांनी जनेलाच्या गजांतून बाहेर पाहिलं, खाली बाजार भरला होता. "मालती," म्हणाले. मग पोराला शाळेत घालताना बाप सांगतो तसं पुन्हा एकदा नीट, सगळं सांगितलं.

"मालती विश्राम गावस."