नऊ चालींत मात

“इतकी निःपक्षपाती स्पर्धा अख्ख्या कुवेतने पाहिली नसेल!” दत्तप्रसादने पोळीचा घास हवेत फिरवत जाहीर केलं.

“आधी जेव,” तेजस्वी म्हणाली. ती त्याची बायको. असल्या घोषणा ऐकत ऐकतच तिचा संसार झाला होता.

दत्तप्रसाद अहमदीला एका कंत्राटदाराकडे सेफ्टी इंजिनिअर. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी माणसाला गेटवरून परत पाठवणारा! आणि वेड कॉम्प्युटर बुद्धिबळाचं. म्हणजे स्वतः खेळायचं नाही. दोन प्रोग्राम एकमेकांशी झुंजवायचे आणि आपला जिंकला की कॉलर आपली ताठ करायची. कोंबडे झुंजवणारा निदान कोंबड्याला दाणे तरी घालतो!

असे आणखी सात रिकामटेकडे त्याला कुवेतमध्ये मिळाले होते. अडचण फक्त जागेची होती. कोकणी मित्रमंडळाकडे फिंतासमध्ये शुक्रवारपुरता एकच हॉल, आणि तिथे ठाण मांडून बसला होता मुनव्वरचा कॅरम. मुनव्वर मूळचा रत्नागिरीचा, इथे त्याचं किराण्याचं दुकान. कॅरमला पन्नास माणसं जमायची, आरडाओरडा व्हायचा, समोसे उडायचे.

“बोटाने टिचकी मारायची, याला खेळ म्हणतात?” दत्तप्रसाद नाकाने कांदे सोलायचा.

शेवटी कटकट नको म्हणून मंडळाचे अध्यक्ष पुंडलिककाका म्हणाले, “एक शुक्रवार तुम्ही घ्या. कार्यक्रम रंगला तर हॉल बुद्धिबळाला. नाही रंगला तर परत विषय काढायचा नाही.”

झालं! दत्तप्रसाद कामाला लागला. एकच कोडं, सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर सोडवायचं, तासाभराची मुदत. पांढऱ्याने खेळून नऊ चालींत काळ्याला मात! कोडं फुटू नये म्हणून ते त्याने एकाही यंत्राला दाखवलं नाही.

“एकदा कॉम्प्युटरवर तपासून घे की,” तेजस्वी म्हणाली.

“आणि ते इंटरनेटवर गेलं म्हणजे? निःपक्षपातीपणा कुठे राहिला?”

म्हणून कोडं रचलं गेलं जेवणाच्या टेबलावर, लाकडी पटावर. या पटातला काळा राजा दस्मानहून फिंतासला घर हलवताना हरवला होता. त्याच्या जागी दत्तप्रसाद खजुराची बी ठेवायचा. आता, जेवणाच्या टेबलावर खजुराची बी पडलेली दिसली की गृहिणी काय करते? तेजस्वीने तेच केलं. संध्याकाळी साहेबांनी पट समोर ठेवून एकेक सोंगटी कागदावर उतरवली. डोक्यात राजा जागच्या जागी होता. पटावर नव्हता. कागदावरही नव्हता.

मग त्याला दुसरी शंका आली. कोडं फार अवघड तर नाही ना? कुणाला तरी दाखवायला हवं! त्याने ते त्या सातांपैकी सलीलला खासगीत दाखवलं.

“वा! अप्रतिम! काय खोली आहे!” सलील म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये होतं.

पण मग एकट्या सलीलला दाखवणं हा इतरांवर अन्याय नव्हे का? म्हणून दत्तप्रसादने ते उरलेल्या सहाजणांनाही दाखवलं, प्रत्येकाला स्वतंत्रपणे, शपथ घालून. सगळ्यांनाच दाखवलं म्हणजे पक्षपात संपला! सातही जण “अप्रतिम” म्हणाले. न कळलेल्या गोष्टीला अप्रतिम म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे.

शुक्रवार उजाडला. फोन बिर्याणीच्या पातेल्यात जमा झाले. वायफाय बंद. भिंतीवर टिकटिकणारं भलंमोठं घड्याळ. कॅरमवालेही मजा बघायला मागे येऊन बसले.

“यल्ला, सुरू!” कोड्याचे कागद वाटून होताच दत्तप्रसाद ओरडला.

सातजणांनी सोंगट्या भराभर कॉम्प्युटरवर मांडल्या. आणि सातही यंत्रांनी मान टाकली. चुकीची स्थिती! प्रत्येकाला वाटलं, आपलंच मांडताना काहीतरी चुकलं. प्रत्येकाने प्यादी मोजली, घोडे मोजले, पुन्हा प्यादी मोजली. राजा कोण मोजतो! विचारायची तर सोय नव्हती. कोडं आधी पाहून “अप्रतिम” म्हणून बसलेले सगळे. मग सातही जण कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत राहिले.

ते बघून दत्तप्रसादची छाती फुगली. तो पुंडलिककाकांच्या कानाशी लागला.

“बघा! यंत्रं हतबल झाली! हत्तीचा बळी द्यायचा, ते त्यांना सुचतच नाही. मग नवव्या चालीला काळा राजा कोपऱ्यात खलास!”

“असं का!” काका म्हणाले. त्यांना घोडा आणि हत्तीतला फरक फक्त सोंडेवरून कळायचा.

अर्धा तास गेला. सलीलचा प्रोग्राम बोलका होता. हेडफोनमधून तो केव्हापासून काहीतरी पुटपुटत होता, पण गडबडीत सलीलला धड ऐकू येत नव्हतं. वैतागून त्याने हेडफोनची वायर उपटली आणि पुन्हा बटण दाबलं.

“ब्लॅक किंग इज मिसिंग!” बाईच्या खणखणीत आवाजात लॅपटॉप ओरडला. “ब्लॅक किंग इज मिसिंग!”

सात माना कागदात खुपसल्या गेल्या. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.  पण दत्तप्रसाद हार मानणारा नव्हता! त्याने झटकन माईक ओढला.

“शाब्बास! हेच तर कोडं होतं! राजा नाही हे कोण ओळखतो, ते मला पाहायचं होतं!”

“मी आधीच ओळखलं होतं!” सलील म्हणाला.

“मीसुद्धा!” “मी तर त्याच दिवशी!” उरलेले सहाही उठले. सात विजेते आणि करंडक एक!

तेवढ्यात पुंडलिककाकांनी भाबडेपणाने माईकमध्ये विचारलं, “पण दत्तप्रसाद, मघाशी तर मला म्हणालात, नवव्या चालीला काळा राजा कोपऱ्यात खलास? जो नाहीच तो मरतो कसा?”

मग जे हसू फुटलं ते आवरेना. कॅरमवाले एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मुनव्वरने डोळे पुसले आणि दत्तप्रसादच्या खांद्यावर हात ठेवला.

“दत्तभाऊ, मनाला लावून घेऊ नका. कार्यक्रम रंगला की! पण हॉल आमचाच बरा. आम्ही बोर्ड मांडतो ना, तेव्हा पहिली राणी ठेवतो.”

हॉल गेला तो गेलाच. त्या संध्याकाळी चिपळूणहून थोरल्या भावाचा फोन आला. दत्तप्रसादने घसा खाकरला.

“स्पर्धा ना? एकदम जोरात! सात कॉम्प्युटर झुंजले, दादा. एकालाही सुटलं नाही!”

तेजस्वी कांदा चिरत ऐकत होती. नवऱ्याला खोटं बोलताना पकडायचं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. या वाक्यात तिला एकही शब्द खोटा सापडेना!