खंडेनवमीला घासलेला घोडा

मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये गोदूबाईंनी नातीच्या टेबलावरची चादर ओढली आणि त्यांची बोबडीच वळली. हातभर लांब हाडाचं तोंड दात विचकून त्यांच्याकडे बघत होतं.

"अंजू! हे कोणाचं मुंडकं आणून ठेवलं वं घरात?"

"घोड्याची कवटी आहे आजी, कॉलेजची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा आहे. माझं सगळं यावरच अवलंबून आहे."

ते खरंच होतं. पशुवैद्यक शिकणारी अंजू शरीररचनेत एकदा आपटली होती. पुन्हा आपटली की वर्ष बुडालं. म्हणून तो विषय शिकवणाऱ्या दुर्गेश सरांच्या हातापाया पडून तिनं विभागातली एकुलती एक घोड्याची कवटी सुट्टीपुरती घरी आणली होती. कवटीवर प्रत्येक भोकाला, प्रत्येक खाचेला लाल रंगात नंबर होता, एक ते तीस. सर अठरा वर्षं त्या नंबरांवरूनच प्रश्न विचारत. अंजूनं मात्र या खेपेला बोटांनी चाचपून एकेक हाड पाठ केलं होतं.

गोदूबाईंची हयात मागावर कापड विणण्यात गेलेली. खंडेनवमीला माग आणि त्यातला धोटा धुऊनपुसून पूजेला लावायचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. नात ज्याच्यावर पोट भरणार, ते पारोसं कसं ठेवायचं? नवमीला अंजू लायब्ररीत गेल्याबरोबर त्यांनी कवटी मोरीत नेली आणि भांड्याच्या पावडरीनं, काथ्यानं तासभर घासली. घोडा लख्ख झाला.

संध्याकाळी श्रावण, म्हणजे अंजूचे बाबा, कचेरीतून आले आणि दारातच थबकले.

"माय, याच्यावरचे नंबर कुठं गेले?"

"नंबर होते का ते? मले वाटलं डाग आहेत. लय घासावं लागलं बा!"

श्रावण हादरले. पण तीस वर्षं फायलींना नंबर टाकणारा माणूस तो. पोरीच्या जिवाला उगीच घोर नको म्हणून त्यांनी गुपचूप लाल रंग आणला, आणि पुढच्या दातापासून सुरू करून मागच्या मोठ्या भोकापर्यंत, वळणदार अक्षरात, ओळीनं एक ते तीस नंबर टाकून दिले.

अंजू आली तेव्हा कवटी पाटावर लाल कापडाखाली बसली होती, वर झेंडूचं फूल.

"हात नको लावू! दसरा झाल्याशिवाय पूजेतलं हलवत नाहीत," आजीनं बजावलं.

परीक्षेच्या सकाळी अंजूनं कवटी कापडासकट पिशवीत घातली. कापड सुटलं ते थेट परीक्षेच्या टेबलावर, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हे तर बाबांचं अक्षर! समोर दुर्गेश सर हातातल्या नंबरवार उत्तरांच्या चिठ्ठीत डोळे घालून बसले होते, शेजारी बाहेरगावचे परीक्षक.

"हं, एक नंबर?"

अंजूनं कवटीवरचा एक नंबर शोधला. "पुढचा दात, सर."

"साफ चूक! एक नंबर म्हणजे फोरामेन मॅग्नम. इथून मेंदूची दोरी पाठीच्या कण्यात उतरते. काय करून राहिली होती सुट्टीत?"

परीक्षकांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि ते सरांकडे बघतच राहिले. "सर, ही दोरी दातातून उतरते?"

सरांनी पहिल्यांदाच कवटीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. परीक्षकांनी शांतपणे त्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि डोळ्याखालच्या छिद्रावर पेन्सिल टेकवली.

"हे काय आहे? सर, तुम्हीच सांगा."

त्या छिद्राशी श्रावणांनी नऊ लिहिलं होतं. पण अठरा वर्षांची सवय, सर एका दमात म्हणाले, "चौदा!"

"नाव, सर. नाव."

सरांनी हळूच अंजूकडे मान वळवली. "सांग ना वं, काय म्हणतात याले?"

"इन्फ्राऑर्बिटल फोरामेन, सर," अंजू कुजबुजली.

मग परीक्षकांनी पेन्सिल कवटीभर फिरवली. अंजू एकदाही अडली नाही. त्यांनी तिच्या नावापुढे 'पास' लिहिलं आणि दाराकडे बोट केलं.

"जा तू. आणि बाहेर सांग, पुढच्यानं जरा थांबावं. सरांची अजून चालू आहे."