वायरलेस वायर आणि उशिराचं हसू

माणसाने आजवर जी म्हणून प्रगती केली, ती असलेली वस्तू नसल्यासारखी दाखवण्यात केली आहे. केसांना कलप लागतो, छताला फॉल्स सीलिंग लागतं, गॅसचा सिलिंडर फुलाफुलांच्या पडद्यामागे जातो. याच थोर परंपरेला जागून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने गेल्या ऑगस्टमध्ये ‘वायरमुक्त कार्यालय’ ही मोहीम हाती घेतली. कंपनीचा धंदा विजेच्या वायरी बनवण्याचा आहे. (हलवाई घरी जिलबी खात नाही, तसंच हे.)

परिपत्रक अगदी स्वच्छ होतं. टेबलावर, टेबलाखाली अथवा कर्मचाऱ्याच्या अंगावर वायर आढळल्यास सदर कर्मचाऱ्याच्या नावाचा पडघ्याच्या गोडाऊनसाठी सहानुभूतीने विचार करण्यात येईल. पडघ्याला एक माणूस हवाच होता, आणि आपणहून तिकडे जाणारा कर्मचारी कंपनीच्या सव्वीस वर्षांत अजून जन्माला आलेला नव्हता.

डिस्पॅचच्या साईनाथ भोईरने ते परिपत्रक दोनदा वाचलं. साईनाथ कोलशेतचा. साडेसहाला घरी पोचायचा आणि सात ते आठ उर्वीचं गणित घ्यायचा. पोरगी दहावीला, पहिल्या चाचणीत चाळीसपैकी अकरा. पडघ्याहून घरी यायचं म्हणजे साडेनऊ वाजणार, तोवर पोरगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली असणार.

“तुम्ही तिकडं गेलात तर तिचं गणित कोण घेणार, मी?” त्याची बायको सगुणा म्हणाली. “मला अजून हातचा धरायला बोटं लागतात. ती कानातली वायर काढून फेका आधी!”

सांगणं सोपं होतं, पण ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला कानात काहीतरी लागतंच. साईनाथच्या कानांची ठेवणच अशी की बिनवायरीचे इअरबड त्यात टिकत नाहीत. दोन वर्षांत तीन गेले: एक घोडबंदर रोडला चालत्या रिक्षातून, एक बेसिनच्या जाळीतून, आणि एक वरणात. (वरणातला सापडला. वरण टाकावं लागलं.) टिकले ते फक्त घट्ट बसणारे, वायरवाले.

मार्ग काढला अकाउंट्सच्या सोनलने. “अरे, गोखले रोडला ब्लूटूथ अडॅप्टर केबल मिळते ना! हेडफोन तेच ठेवायचे, फक्त वायर बदलायची. झालं वायरलेस.”

साईनाथने ती आणली. या वस्तूचं कौतुक करावं तेवढं थोडं. जुनी वायर काढून टाकायची, तिच्या जागी नवी वायर लावायची, आणि ही नवी वायर मानेमागून एका कानातून दुसऱ्या कानात न्यायची. मध्ये सुपारीएवढी डबी लोंबते. डबी रोज चार्ज करावी लागते, त्यासाठी निराळी वायर मिळते. तांत्रिक तपासणीत असं आढळलं की पूर्वी साईनाथकडे एकशे वीस सेंटिमीटर वायर होती आणि वायरलेस झाल्यानंतर ती एकशे पन्नास झाली.

यावर त्रिसदस्यीय समिती बसली. (एक सदस्य रजेवर, एक चहाला.) समितीने निर्णय दिला की ज्या वायरीची दोन्ही टोकं एकाच माणसाच्या कानात जातात, ती कशालाच जोडलेली नसल्यामुळे वायर नसून अलंकार होय. साईनाथ वायरमुक्त ठरला. त्या दिवशी तो घरी पेढे घेऊन गेला.

अडचण आली सोमवारी. दर सोमवारी दहा वाजता मॅनेजर अद्वयसाहेब ऑनलाइन मीटिंग घेतात. सगळे एकाच हॉलमध्ये बसतात, साहेबांची काचेची केबिन बावीस फुटांवर आहे. पण मीटिंग ऑनलाइनच, कारण नुसतं बोलायचं असेल तर माणूस घरीही बोलतो. सुरुवातीला साहेब एक विनोद सांगतात. त्या वेळी सर्वांनी माइक चालू ठेवायचा, असा दंडक आहे. सोनल पाव सेकंदात हसते. हेडक्लार्क विनोद संपायच्या आधीच हसतात, पण त्यांची नोकरी अठरा वर्षं झाली.

अडॅप्टरमधून साहेबांचा आवाज साईनाथच्या कानात पोचायला तीन सेकंद लागत. साहेबांनी विनोद सांगितला. सगळे हसले. साहेब गंभीर झाले आणि म्हणाले, “यंदा बोनसऐवजी प्रत्येकाला प्रशस्तिपत्रक मिळेल.” हॉलमध्ये सुतकी शांतता पसरली, आणि त्या शांततेत साईनाथ एकटा, मनापासून, खदाखदा हसला.

साहेबांनी काचेतून पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

“मेलास तू!” सोनल जेवायच्या सुट्टीत म्हणाली. “पुढच्या शुक्रवारी पडघ्याचं नाव फायनल होतंय.”

“जुनी वायर लावू?”

“मग तर आजच जाशील! ऐक, पुढच्या सोमवारी माझ्याकडे बघ. मी पेन उचललं की हस.”

साईनाथने रविवारी आरशासमोर सराव केला. सगुणा दोनदा येऊन त्याच्या कपाळाला हात लावून गेली.

सोमवार उजाडला. साहेबांनी विनोद सांगितला, सोनलने पेन उचललं आणि साईनाथ हसला. काय हसला! वेळेवर, भरघोस, शेवटी थोडा ठसका. साहेबांची मुद्रा खुलली. हेडक्लार्कसुद्धा वळून बघायला लागले. साईनाथचा जीव भांड्यात पडला, आणि नेमका त्याच क्षणी विनोदाचा शेवट त्याच्या कानात पोचला.

“हॅ! हा तर मीच ऑफिसच्या सत्यनारायणाला सांगितलेला,” तो चालू माइकवर म्हणाला. “आणि शेवट पण चुकवला!”

शुक्रवारी आदेश निघाला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘श्रवण व हास्य यांत समन्वय नसणे’. खाली टीप होती की सदर कर्मचारी वायरमुक्तीचे काटेकोर पालन करणारा असून त्याचा आदर्श इतरांनी घ्यावा.

आता साईनाथ पडघ्याहून येताना एसटीतून, तोच अडॅप्टर कानात घालून, फोनवर गणित घेतो. उर्वी विचारते, तीन सेकंद जातात, ती “बाबा? बाबा, आहात ना?” म्हणते आणि तेवढ्यात त्याचं उत्तर तिच्या प्रश्नावर आदळतं. सहामाहीत तिला चाळीसपैकी नऊ पडले. साईनाथला ते फार लागलं. कंपनीच्या अहवालात याची नोंद नाही, तो रकानाच नाही.

वाचकहो, तुम्हाला साईनाथची कीव आली असेल, थोडं हसूही आलं असेल. आता एक करा. तुमच्या साहेबांनी गेल्या आठवड्यात सांगितलेला विनोद आठवून बघा. नाही आठवत? बरोबर आहे, तो ऐकण्यासारखा नव्हताच. पण तुम्ही हसला होतात, आणि पाव सेकंदात हसला होतात. तेव्हा निश्चिंत असा, तुमची बदली होणार नाही.