ताईसाठी पांढरी घोडागाडी

सहल आखावी तर चेंचोनेच, असं अख्ख्या एस्तेली गावात एकाच माणसाचं ठाम मत होतं, आणि तो माणूस म्हणजे खुद्द चेंचो. कुठे निघायचं म्हटलं की तो वही काढायचा. त्या वहीत बस किती वाजता सुटणार हे असायचंच, शिवाय बसमध्ये झोप किती वाजता लागणार हेही लिहिलेलं असायचं.

या वेळी मात्र नुसती हौस नव्हती. त्याची थोरली बहीण क्लोतिल्दे कायमची मायामीला, लेकीकडे निघाली होती. चेंचोची बायको गेल्यापासून नऊ वर्षं त्याच्या घरात दुसरा आवाज होता तो ताईचाच. तिकीट आलं होतं, पेटी भरत आली होती.

"इथे माझं आहे कोण?" ती म्हणायची.

'मी आहे की,' असं म्हणायला चेंचोची जीभ रेटत नसे, कारण ती लगेच "तेच तर" म्हणाली असती.

म्हणून त्याने बेत केला. दोन दिवस ग्रानादा! पन्नास वर्षांपूर्वी ताई त्या गावात शिक्षिका होती. जुने रस्ते बघून तिचा पाय निघणार नाही, असं त्याचं गणित. हॉटेलजवळच्या चर्चच्या फलकावर घोडागाडीवाल्याचा नंबर होता. पोचले त्याच दुपारी चेंचोने फोन लावला आणि फुल्हेन्सिओ हे आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"उद्या सकाळी नऊला माझ्या बहिणीसाठी गाडी हवी. हॉटेलातून कॅथेड्रल, तिथे थोडं थांबायचं, मग सरळ दफनभूमी." तिथली संगमरवरी थडगी बघायला लोक लांबून येतात. वहीत त्यांच्यापुढे चेंचोने दोन चांदण्या काढल्या होत्या.

पलीकडचा आवाज एकदम मऊ झाला. "वय काय बाईंचं?"

"चौऱ्याहत्तर."

"अरेरे. पांढरी गाडी पाठवू की काळी?"

"पांढरी. सगळ्यात चांगली. आणि घोडे हळू चालवा. तुमच्याच गावात शिकवायची ती, क्लोतिल्दे मेरकादो. जरा मानाने न्या."

"काळजी सोडा. गावाला कळवायचं आमच्याकडे लागलं. परतीला गाडी नको ना?"

"नको. तिथून पुढचं माझं ठरलंय."

किती सौजन्याचा माणूस, असं चेंचोने वहीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताई न्याहारीला गायोपिंतो नावाच्या भातातले राजम्याचे दाणे एका बाजूला सारत बसली होती. तेवढ्यात लांबून भोंग्याची गाडी ऐकू आली. कुणी गेलं की ती मयताची बातमी सांगत गल्लीबोळातून फिरते. एस्तेलीतही फिरते, त्यामुळे दोघांचे हात सवयीने कपाळाकडे गेले. घोगरा आवाज सावकाश जवळ आला.

"शिक्षिका क्लोतिल्दे मेरकादो... आज सकाळी नऊ वाजता... शोकाकुल बंधू फुल्हेन्सिओ..."

क्रूसाची खूण करायला निघालेला ताईचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"चेंचो, बाईचं नाव माझंच आहे रे."

"योगायोग असेल," चेंचो म्हणाला.

"आणि भावाचं तुझं."

नऊच्या ठोक्याला गाडी दारात उभी राहिली. चारी बाजूंनी काचा, आत मोगऱ्याची शेज, घोड्यांच्या अंगावर विणलेल्या पांढऱ्या जाळ्या. मागे काळ्या कपड्यांतली तीसेक माणसं. एवढे लोक चालत आले, पण एकाचाही बूट वाजला नव्हता.

तोरिबिओ गाडीवान हॅट काढून पुढे आला. "साहेब, बाईंना खाली आणायला माणसं पाठवू?"

"मीच ती," ताई म्हणाली.

तोरिबिओ एक पाऊल मागे सरला. घोडेही सरले. चेंचोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ताईने मात्र गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"वेळेवर आली आहे ना? मग चला. माझे गुडघे काही कॅथेड्रलपर्यंत जायचे नाहीत."

ती तोरिबिओच्या शेजारी चढून बसली. तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून चेंचो मागच्या माणसांत चालायला लागला.

गाडी पुढे सरकेल तसं गाव गप्प होत गेलं. दुकानांची दारं अर्धी ओढली गेली. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. बर्फवाल्याने टोपी काढून काचेत पाहिलं. आत कुणीच नव्हतं. त्याची नजर हळूहळू वर गेली, तशी ताईने मान हलवून त्याला नमस्कार केला. बर्फवाल्याने गाडा तिथेच टाकला आणि अशी धूम ठोकली, की वळूनही पाहिलं नाही.

एका म्हातारीने चेंचोचा दंड धरला. तिची बोटं गारगार होती.

"फार त्रास झाला का हो बाईंना?"

"गुडघ्यांचा."

"माझ्या धाकट्याला तिनेच मार्गाला लावलं. तिचा हात लागला की पोरं शांत व्हायची."

"तिचं दार कधी कुणाला बंद नसायचं," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी एक जण हुंदके द्यायला लागला. चेंचो समोरच्या रिकाम्या काचेकडे बघत होता. घर असंच होणार, त्याच्या मनात आलं, आणि तो भर रस्त्यात खरोखरचा रडला. ताई पुढे गाडीवानाशेजारी धडधाकट बसली होती, तरी रडला.

दफनभूमीच्या फाटकाशी ताई उतरली. मागचं सगळं तिने ऐकलं होतं. तिचेही डोळे लाल झाले होते.

"पन्नास वर्षं झाली रे, चेंचो. तरी एवढी माणसं! मायामीत माझ्यामागे कोण येणार? लेक येईल, तीही सुट्टी मिळाली तर." तिने नाक पुसलं. "तिकीट रद्द कर."

ती दगडी बाकावर टेकली. चेंचो तरंगतच तोरिबिओकडे गेला.

"या सगळ्यांची नावं सांगता का? आभाराची पत्रं पाठवतो. ताईचे विद्यार्थी ना हे?"

तोरिबिओ घोड्याची जाळी सारखी करत होता. "हे होय? हे सगळ्यांच्याच मागे येतात, साहेब. मंगळवारी एक खाटीक होता. त्याचाही हात लागला की पोरं शांत व्हायची, असंच म्हणत होते."

चेंचो वळतो तो म्हातारी पुढ्यात उभी. मागे बाकीचे तीस जण.

"आणि साहेब, आपण काय करत होतात?"

"टपाल कचेरीत होतो," चेंचोच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीचे डोळे लगेच भरून आले. "एक पत्र कधी इकडचं तिकडे गेलं नाही हो तुमच्या हातून," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या उंचीचा अंदाज घेतला.

चेंचो घाईघाईने बाकाशी आला.

"काय म्हणत होती रे ती?" ताईने विचारलं.

"म्हणत होती," चेंचो म्हणाला, "अजून पुष्कळ जण यायचे होते. आज नेमकं सगळ्यांना काम निघालं."